क्रॉफर्डसाहेब आणि हाताखालची माणसे

थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा आदर्श म्हणून. शाळेपासूनच आपल्याला तशी सवय लागलेली असते. थोर पुरुषाचा जन्म कोठे झाला, त्याने हालअपेष्टा कशा सोसल्या आणि त्याच्यापासून आपण काय बोध घ्यावा, अशी त्या चरित्रांची ठरलेली वाट असते. या अंकासाठी मला ज्याच्याविषयी लिहावेसे वाटले, तो माणूस मात्र या वाटेवरचा नाही. तो थोर होता की नव्हता, याचा निकाल त्याच्या हयातीतही नीट लागला नाही. त्याचे नाव आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड.

मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. क्रॉफर्ड मार्केट म्हणतात ते याच्याच नावाचे. पण मार्केटपलीकडचा क्रॉफर्ड फार थोड्यांना माहीत आहे. लोकमान्य टिळकांच्या सुरुवातीच्या कार्याची माहिती घेताना क्रॉफर्ड प्रकरण असा एक उल्लेख येतो आणि बहुतेक पुस्तकांत तो दोनचार ओळींत संपतो. त्या दोनचार ओळींनी माझे समाधान होईना, म्हणून मी ग्रंथालयात बसून या माणसाचा माग काढला. तेव्हा त्याच्या आयुष्यात मला एक असा प्रश्न सापडला, की जो आजही प्रत्येक कचेरीत, सोसायटीत आणि पंचायतीत उभा आहे. हाताखालच्या माणसाने पैसा खाल्ला, तर वरच्या साहेबाने त्याचा जाब कोठवर द्यायचा?

क्रॉफर्डचा जन्म 1835 सालचा. कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांत तो मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत आला. माणूस हुशार, धडाडीचा, देशी लोकांत मिसळणारा. कोकणात त्याने कलेक्टर म्हणून काम केले आणि तेथील दंतकथा म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवल्या. परंतु त्याचे नाव झाले ते मुंबईत.

1865 साली मुंबई शहराच्या कारभारासाठी नवा कायदा झाला. त्यापूर्वी तीन कमिशनर मिळून शहर पाहत आणि काम कोणाचेच धड होत नसे. नव्या कायद्याने सारी सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिली आणि त्या जागी पहिला नेमला गेला तो क्रॉफर्ड. त्याचे वय तेव्हा 30 वर्षांच्या आसपास होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा आणि माणसे दोन्ही लोटत होती. 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 8 लाखांवर गेली होती. गटारे तुंबलेली, मांस आणि भाजी रस्त्याकडेला विकली जाणारी, पटकीची साथ दर वर्षाची पाहुणी. पुढे युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि 1865 च्या जुलैत सट्ट्यात बुडालेल्या मुंबईचे दिवाळे निघाले. नेमक्या अशा वेळी क्रॉफर्डने कारभार हाती घेतला.

त्याने केलेले काम नाकारून चालणार नाही. त्याने रस्ते केले, गटारे साफ केली, कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला हलवले. डॉक्टर ह्यूलेट यांच्यासारखा आरोग्य अधिकारी त्याच्या जोडीला होता. 1869 साली मोठी मंडई उभी राहिली. विल्यम इमर्सन हा तिचा वास्तुशिल्पकार. तिच्या दर्शनी भागावरील शेतकऱ्यांची कोरीव चित्रे लॉकवुड किपलिंग यांची. ज्या शेतकऱ्याचा माल आत विकला जातो तो निदान दगडात तरी दारावर उभा आहे, हे मला विशेष वाटते.

पण क्रॉफर्डला पैशाचा हिशेब कधी जमला नाही. घरच्या खर्चातही तो सढळ आणि सरकारी खर्चातही. साहेबी थाट, मेजवान्या आणि त्यांपायी कर्ज हे त्याच्या आयुष्याचे कायमचे दुखणे होते. नगरपालिकेतही खर्च मंजुरीच्या पुढे गेला, तिजोरी रिकामी झाली, कर वाढले. 1871 साली करदाते खवळले. तेथील पैसा त्याने स्वतःच्या खिशात घातला असे कोणी सिद्ध केले नाही. तक्रार उधळपट्टीची होती. त्या वादात 26 वर्षांचे एक तरुण बॅरिस्टर क्रॉफर्डच्या बाजूने उभे राहिले. ते म्हणजे पुढे मुंबईचे सिंह म्हणून गाजलेले फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे असे, की दोष एकट्या कमिशनरचा नाही. ज्या जस्टिसेस ऑफ द पीस मंडळींनी त्याच्यावर नजर ठेवायची त्यांनी ती ठेवली नाही, आणि ही मंडळी करदात्यांनी निवडलेली नाहीत म्हणून त्यांना त्याची फिकीरही नाही. यावर उपाय म्हणजे निवडणूक. 1872 च्या कायद्याने मुंबईला 64 सभासदांची नगरपालिका मिळाली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. आपल्या देशातील शहरी स्वराज्याचा हा एक पाया म्हणावा लागेल. क्रॉफर्ड मात्र पालिकेतून गेला. ज्याच्या हिशेबावर कोणाची नजर नव्हती अशा एका साहेबामुळे नजर ठेवण्याची पद्धत जन्माला आली, हे या चरित्रातील पहिले प्रकरण.

दुसरे प्रकरण पुण्याचे. 1880 नंतरच्या दशकात क्रॉफर्ड रेव्हेन्यू कमिशनर झाला. मध्य विभागात पुणे, सातारा, अहमदनगर, नाशिक असे मोठे जिल्हे होते. आपला औरंगाबाद जिल्हा, आजचा छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने या कारभाराच्या बाहेर होता. पण गोदावरीच्या पलीकडे नगर जिल्ह्यात पाऊल टाकले की क्रॉफर्डची हद्द लागे. कमिशनर म्हणजे कलेक्टरांच्याही वरचा अधिकारी. मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्याच्या हाती. आणि मामलतदार म्हणजे तालुक्याचा राजाच. सारा गोळा करणे त्याच्याकडे, फौजदारी खटले चालवणेही त्याच्याकडे.

हळूहळू सगळीकडे कुजबूज होऊ लागली की या नेमणुकांना दर आहे. चांगला तालुका पाहिजे तर इतके, बदली टाळायची तर तितके. पैसे साहेब स्वतः घेत नसे. ते घेणारा हणमंतराव नावाचा एक गृहस्थ होता. तो क्रॉफर्डच्या विश्वासातला, त्याच्यासाठी कर्जे उभी करणारा आणि त्याच्या दारी सहज जाणारा येणारा. मामलतदार त्याच्याकडे जात, थैली देत आणि काही दिवसांनी हुकूम निघे. हुकमावर सही कमिशनरची असे.

मामलतदार हा पैसा आणत कोठून? पगारातून एवढी रक्कम शिल्लक पडणे शक्य नव्हते. सावकाराकडून काढली तरी ती फेडायची कोठून? त्याचे उत्तर गावाकडे जाते. कुलकर्ण्याकडून, पाटलाकडून आणि अखेर साऱ्याची रक्कम लुगड्याच्या पदरात बांधून आणणाऱ्या कुणबिणीकडून. महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक 1883 साली पुरे केले. गोरे अधिकारी ऐषआरामात दंग राहून सारा कारभार कारकुनांवर सोपवतात आणि हे कारकून शेतकऱ्याला नागवतात, हे त्यांनी त्यात तपशिलाने मांडले आहे. क्रॉफर्ड प्रकरण बाहेर पडण्याआधी 5 वर्षे त्यांनी रोगाचे निदान करून ठेवले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर क्रॉफर्ड मार्केटला महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव मिळाले. हा निव्वळ योगायोग असेल, पण मला तो न्यायाचा वाटतो.

1888 साली लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर होते. पोलीस खात्याचे वरिष्ठ अधिकारी ओमनी यांनी चौकशी सुरू केली आणि हणमंतरावाला पकडले. क्रॉफर्डला निलंबित करण्यात आले. तेव्हा हा एवढा मोठा कमिशनर वेश पालटून पुण्याहून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. ज्या शहराचा तो एके काळी एकट्याने कारभार पाहत असे, त्याच शहरात त्याच्यावर तोंड लपवण्याची पाळी आली. हणमंतरावावर खटला झाला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

क्रॉफर्डवर मात्र नेहमीच्या कोर्टात खटला झाला नाही. 1850 च्या सरकारी नोकरांच्या चौकशीच्या कायद्याखाली तीन सभासदांचा आयोग नेमण्यात आला. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन हे अध्यक्ष आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे दोघे सभासद. पुण्यात साक्षीपुरावे झाले. साक्षी द्यायच्या त्या मामलतदारांनी. कारण लाच देणारे तेच. पण लाच देणे हाही गुन्हाच. म्हणून सरकारने त्यांना अभय दिले होते. खरे सांगाल तर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा त्याचा अर्थ. त्या भरवशावर ते पुढे आले आणि भर आयोगासमोर त्यांनी आपली अब्रू आपल्या हाताने उघडी केली.

1889 साली निकाल आला. लाच घेतल्याचा आरोप क्रॉफर्डवर सिद्ध झाला नाही, असे आयोगाने ठरवले. हणमंतरावाने पैसे घेतले असतील, पण ते साहेबाच्या संमतीने घेतले असे म्हणण्याइतका पुरावा आयोगाला दिसला नाही. मात्र आपल्याच विभागातील आपल्या हाताखालच्या लोकांकडून त्याने कर्जे घेतली होती, आणि हे सरकारी नियमांविरुद्ध होते. मुंबई सरकारला आयोगाचे मत पटले नव्हते. पण विलायतेत शेवटी तेच मान्य झाले, आणि कर्जाच्या दोषावरून क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले. तो इंग्लंडला गेला, पुस्तके लिहिली आणि 1911 साली वारला.

मामलतदारांचे काय झाले? ज्यांनी पैसे देऊन जागा विकत घेतल्या ते न्याय कसा देणार, असा ओरडा विलायतेत पार्लमेंटपर्यंत झाला. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण सरकारने शब्द दिला होता. 1889 साली त्यांना खटल्यापासून संरक्षण देणारा एक कायदा झाला खरा, परंतु त्यांच्यापैकी काहींच्या नोकऱ्या गेल्याच. टिळकांचे वय त्या वेळी 33 वर्षांचे होते. त्यांनी या मामलतदारांची बाजू घेऊन पुण्यात सभा भरवली, केसरीतून लिहिले. त्यांचा मुद्दा मामलतदार निष्पाप आहेत असा नव्हता. वरचा सुटतो आणि खालचा बळी जातो, शिवाय सरकार दिलेला शब्द फिरवते, हा त्यांच्या लिहिण्याचा गाभा होता.

हे सारे वाचताना मला शंभर वर्षांपूर्वीचे काही वाचतो आहे असे वाटेना, याचे कारण सांगतो. आमच्या भागातील एका पतसंस्थेत माझ्या वडिलांनी कापसाचे पैसे ठेवले होते. वडिलांना अक्षर ओळख बेताची. पासबुकावर शिक्का आणि सही असली की त्यांच्या दृष्टीने पैसा घरातल्या कणगीत असल्यासारखाच. त्या पैशातून माझी होस्टेलची फी आणि विहिरीवरची मोटर व्हायची होती. पुढे कळले की तेथील कारकून पासबुकावर रक्कम लिही, पण संस्थेच्या कीर्दीत ती चढवतच नसे. कारकून गेला. लोक चेअरमनकडे गेले. त्यांनी हात जोडून सांगितले की आपण एक पैसाही घेतलेला नाही, कारकून कागद पुढे ठेवी आणि आपण सही करीत असू. ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. पण वडिलांचे पैसे गेले ते गेलेच. ते कोणी खाल्ले याचे उत्तर मिळाले, पण ते राखायचे कोणी होते या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी पुढे आला नाही. आमच्याकडे अशा माणसाला सह्याजीराव म्हणतात. लोक हसून म्हणतात, पण ज्याचा पैसा जातो त्याला हसू येत नाही.

म्हणून क्रॉफर्डच्या निकालाविषयी मला असे वाटते, की आयोगासमोर ठेवलेला प्रश्नच अपुरा होता. साहेबाने पैसा घेतला काय, एवढेच विचारले गेले. तो सिद्ध झाला नाही, म्हणजे साहेब त्या बाबतीत स्वच्छ. पण साहेबाच्या सहीचा बाजार वर्षानुवर्षे भरत असताना साहेब काय करीत होता, हा दुसरा प्रश्न आहे. त्याला माहीत असेल तर तो भागीदार. माहीत नसेल तर त्याने आपली सही दुसऱ्याच्या हाती देऊन टाकली होती. आणि दुसऱ्या बाबतीतही, पैसा घेतला नाही हे उत्तर पुरे पडत नाही. त्यात तो हाताखालच्यांचा कर्जदार. ज्याचे आपण देणे लागतो त्याची वही आपण कोणत्या तोंडाने तपासणार? कर्जाचा दोष लहान आणि लाचेचा मोठा असे आयोगाला वाटले. मला तर पहिल्यातूनच दुसरा उगवला असे वाटते.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे अधिक बरे उत्तर एकदा मिळाले. 1957 साली नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. सरकारी पैशाने एका अडचणीतल्या सटोडियाला हात दिला गेला, असा आरोप झाला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे पडले की हा व्यवहार सचिवांच्या पातळीवर झाला. छागलांनी निर्णय दिला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागेल. त्याला आपल्या अधिकाऱ्यामागे लपता येणार नाही. मंत्र्यांनी पैसे खाल्ले असे कोणी म्हटले नव्हते, तरी 1958 च्या फेब्रुवारीत त्यांना पद सोडावे लागले. 1889 आणि 1958 या दोन निकालांत जे अंतर आहे, तेच परक्या राज्यात आणि लोकशाहीत असायला हवे.

आपल्या शहरात ज्यांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि ज्यांच्यामुळे माझ्यासारख्या कित्येकांच्या घरात पहिला पदवीधर झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही या प्रश्नाचा विचार केला होता. 30 मे 1949 रोजी घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचे असल्याचे मत मांडले होते. अर्थशास्त्राच्या या पंडिताला हिशेबतपासनीस न्यायाधीशाहून मोठा का वाटला असेल? मला असे वाटते, की चोरी झाल्यावर न्यायाधीश येतो; चोरी होऊच नये म्हणून कीर्द उघडणारा माणूस आधी लागतो.

सरकारी नियमही आज हेच सांगतात. रोखवहीतील प्रत्येक नोंद अधिकाऱ्याने पाहून त्यावर सही करायची, महिन्याच्या अखेरीस पेटीतली रोकड स्वतः मोजायची. दुसऱ्याच्या अफरातफरीने सरकारचे नुकसान झाले, तर ज्या प्रमाणात आपल्या हलगर्जीने तिला वाट मिळाली त्या प्रमाणात तेही आपल्याच माथी, असे केंद्राच्या वित्तीय नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे सही ही शोभेची वस्तू नव्हे. मी पाहिले, मी मोजले, हा तिचा अर्थ.

हे लिहिताना आपल्या जवळच्या देवगिरीची एक कथा मला सारखी आठवत होती. किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम आले. एका रात्री एका क्षुल्लक नाण्याची चूक लागेना. सारी रात्र दिव्यापुढे बसून पहाटे त्यांना ती सापडली आणि ते आनंदाने टाळ्या पिटू लागले. ही कथा आपल्याला लहानपणी नाथांच्या एकाग्रतेसाठी सांगतात. आता मला त्यात जनार्दनस्वामीही दिसतात. ते जागे झाले, दिवा का जळतो आहे हे पाहायला उठून आले आणि शिष्याला हिशेब विचारला. किल्ल्याचा अधिकारी असूनही एका कवडीच्या चुकीसाठी त्यांची झोप मोडली.

आपल्यापैकी कित्येकजण स्पर्धा परीक्षांना बसणार आहेत. कोणी तलाठी होईल, कोणी ग्रामसेवक, एखादा नशीबवान तहसीलदारही. आपल्या घरात याआधी सही करण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता. आपले आईबाप अंगठा उठवत आले किंवा दुसऱ्याच्या सहीवर विश्वास ठेवत आले. क्रॉफर्डला हुशारी कमी नव्हती, धडाडी कमी नव्हती. त्याची बांधलेली मंडई दीडशे वर्षांनीही उभी आहे. पण त्याच्या सहीवर विसंबलेल्या माणसांचे काय झाले, ते मंडईच्या भिंतीवर कोठे लिहिलेले नाही. ते आपण लक्षात ठेवायचे आहे. उद्या आपल्या टेबलावर कागद येईल, तेव्हा त्याच्या मागे पदराची गाठ सोडून पैसे मोजणारी एक बाई उभी असेल, ती दिसो वा न दिसो.